रुक्मिणीबाईंचा कच्चा टाका

रुक्मिणीबाईंनी आयुष्यात पहिला माणूस हाणला तो इस्त्रीने. कोळशाची पितळी इस्त्री होती ती, दोन हातांनी उचलावी लागायची. नाटक कंपनीचा ठेकेदार दारू पिऊन कपडेपटाच्या खोलीत शिरला, एका नव्या नटीचा हात धरला आणि सोडेना. बाई शेजारीच शालूला इस्त्री करत होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. इस्त्री उचलली आणि त्याच्या मनगटावर ठेवली. चर्रकन आवाज झाला. ठेकेदाराची किंकाळी पार बाल्कनीपर्यंत गेली. पब्लिकला वाटलं नाटक सुरू झालं, टाळ्या पडल्या. बाईंनी इस्त्री परत शालूवर फिरवली आणि म्हणाल्या, "एक सुरकुती रवलेली."

तर अशी ही बाई. माहेर कणकवलीकडचं, बाप परळच्या गिरणीत, आणि नवरा जयवंत परब. जयवंत दिवसा गोदामात पेट्या मोजायचे आणि रात्री रंगभूमीवर माणसं मारायचे. अंगानं आडवे, डोळे लालभडक, आवाज असा की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. घरी मात्र झुरळाला भ्यायचे. झुरळ मारायचं काम बाईंचं, चप्पलही बाईंची. वाडीतल्या नळावरची भांडणं, दारातले दारुडे, घरभाडं मागायला येऊन शिव्या देणारा भय्या, सगळ्यांना बाईंचा हात ठाऊक होता.

कपडेपटात त्यांनी उभा जन्म काढला. तिथं रोजच कत्तल. पुठ्ठ्याच्या गदा, लाकडी सुरे, छातीशी लपवलेली लाल रंगाची पुरचुंडी. मेलेला माणूस पडदा पडला की उठायचा, धोतर झटकायचा आणि चहा मागायचा. शेवटच्या अंकात फाटणारे कपडे रोज फाटायचे आणि रोज बाई ते परत शिवायच्या. कच्च्या टाक्याने. लांब लांब, सैल टाके, गाठ न मारता सोडलेला दोरा. हिसका बसला की टर्रकन बाही खलनायकाच्या हातात.

एकदा देवदत्त नावाच्या नायकाने त्यांना डिवचलं. "परबीणबाई, तुमचं शिवण म्हणजे फुंकर मारली की उसवतं हो!"

बाईंच्या डोक्यात सणक गेली. त्या रात्री त्यांनी त्याच्या बाहीला पक्की टीप घातली, वर उलटी टीप आणि शेवटी गाठ. शेवटच्या अंकात जयवंतनी बाही धरून हिसका दिला. फाटेना. दुसरा हिसका दिला. फाटेना. तिसऱ्याला देवदत्त अख्खाच्या अख्खा रंगमंचावरून फरफटत गेला आणि त्याचा खांदा निखळला. तो खरंच बोंबलला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

घरी येताना जयवंत जिन्यात थांबून म्हणाले, "रुक्मिणी, दुसऱ्यानं ओढायचं कापड कच्चंच शिवायचं गो. ता फाटता म्हणून माणूस वाचता."

बाईंनी मान डोलावली. पण जयवंत गेले, कंपनी मोडली, कपडेपटाच्या ट्रंका भंगारात गेल्या आणि त्या ट्रंकांबरोबर ते वाक्यही कुठेतरी गेलं.

आता बाई बोरीवलीला, गोराईच्या म्हाडा वसाहतीत, मुलगा सौरभ आणि सून दीप्ती यांच्याजवळ राहतात. शिलाई मशीन खिडकीशी. दीप्ती घरोघरी जाऊन पाय मोडलेल्या म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवते. तिचं सगळं काम मोबाईलवर. गेल्या वर्षी तिनं नवा घेतला, चांगला भारीतला. त्यावरून घरात महाभारत झालं.

"विमा काढलाय," सौरभ म्हणाला. "फुटला, चोरीला गेला, तरी भरपाई मिळते."

"आणि चोर आला की त्याला काय, कागद दाखवायचा?" बाईंनी मशीनचं चाक थांबवलं. "अहो चोरसाहेब, विमा आहे हां, जरा हळू ओढा?"

"आई, विमा चोर थांबवायला नसतो गं."

"मग वरातीमागून घोडं कशाला? वस्तू जाताच कामा नये, ह्याला म्हणतात राखणं."

दीप्ती हसत म्हणाली, "कव्हर पण घेते ना, आई. दोन्ही करू."

"बाजारातलं कव्हर घेतलंस तर माझ्या हातचा चहा बंद."

विम्याचा कागद त्यांनी उचलला आणि बटणांच्या डब्यात कोंबला. मग स्वतः गोराईच्या खाडीवर गेल्या आणि जाळी विणणाऱ्या कोळणीकडून नायलॉनचा बारीक दोर आणला. कोळीण म्हणाली होती, ह्याला घोळ मासा लागला तरी तुटणार नाय. माणसाची काय मजाल! मंडपाच्या जाड कापडाची पिशवी शिवली, आत फ्लॅनेलचं अस्तर, वर बटण. दोर दीप्तीच्या गळ्यातून आडवा जाईल असा लावला, आणि तो खांद्याला काचू नये म्हणून दोराची दोन टोकं खांद्यावर कापडी पट्टीने जोडली. त्या पट्टीला टीप, उलटी टीप, परत टीप, आणि गाठ. पिशवी खिडकीच्या गजाला अडकवून सौरभला म्हणाल्या, "लोंबकळ."

"काय?"

"लोंबकळ मेल्या, बघू तुटतंय काय."

सौरभ लोंबकळला. खिडकीचा गज वाकला, पण पिशवी हलली नाही. वसाहतीतल्या बायकांनी पाहिली आणि मागणी सुरू झाली. शेजारच्या दर्शनाने तर दोन घेतल्या. बाईंना इतका मान शेवटचा कधी मिळाला होता? बहुतेक त्या इस्त्रीच्या प्रकरणात.

तो दिवस मार्गशीर्षातल्या गुरुवारचा. पूजेची तयारी घेऊन दोघी बाजारातून परतत होत्या. ऊन कलत होतं. बाईंच्या हातात नारळांची पिशवी, दीप्तीच्या कडेला मोबाईलची. मागून मोटारसायकल आली, दोघं बसलेले. मागच्याने हात लांबवला, दीप्तीच्या कडेची पिशवी मुठीत धरली आणि हिसका दिला.

बाजारातला दोर असता तर तुटला असता.

दीप्ती जमिनीवर आदळली तो आवाज बाईंनी कधी ऐकलेला नव्हता. रंगमंचावर माणूस पडतो तेव्हा फळ्या वाजतात, इथं हाडं वाजली. मोटारसायकल तिला घेऊन निघाली. कोपर, गुडघा, गाल, सगळं डांबरावरून खरडत गेलं. दोर खांद्यावरून सरकून मानेवर चढला. तिच्या वजनाने मागचा माणूस ओढला गेला, गाडी कलंडली, पुढचा उडी मारून पळाला. मागचा मात्र अडकला होता. दोराचा वेढा त्याच्या मनगटाला पडला होता आणि मोबाईल त्याच्या मुठीत होता.

रुक्मिणीबाई धावल्या. सत्तरीला टेकलेली बाई, पण गल्लीने पाहिलं, पदर खोचलेला आणि नारळांची पिशवी डोक्याच्या वर. पहिला फटका त्यांनी त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा कानशिलावर. आत नारळ फुटला, पाणी आणि रक्त एकत्र उडालं. "मुडद्या! माझ्या सुनेक हात लावतंस?" तिसरा फटका. त्यांना बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं पुठ्ठ्याच्या गदा रंगवल्या, आज खरी हातात होती.

मग गर्दी आली. रिक्षावाले, भाजीवाले, क्लासला निघालेले तरुण. लाथा सुरू झाल्या. कुणी हेल्मेटने हाणलं, कुणी केस धरले. "चोर है, मारो साले को!" माणूस गुरासारखा ओरडत होता, सुटायला धडपडत होता, आणि लोक त्याला रस्त्याच्या मधे ओढत होते.

बाईंनी चौथ्यांदा पिशवी उगारली आणि त्यांना दीप्तीची टाच दिसली. चप्पल गेलेली, टाच रस्त्यावर आपटत होती, थांबत होती, परत आपटत होती. त्यांनी वर पाहिलं. दोर दीप्तीच्या गळ्यात रुतला होता आणि त्याचं दुसरं टोक चोराच्या मनगटाला. लोक त्याला ओढत होते तसा दोर ताणला जात होता. प्रत्येक लाथेला तो हात आखडायचा, आणि प्रत्येक वेळी दीप्तीचा गळा आवळला जायचा. तिचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे न्याय करत होते. बाईही तेच करत होत्या.

"थांबा!" त्या ओरडल्या. "ओढू नका रे त्याला, थांबा!"

कोण ऐकतो? कुणीतरी त्यांनाच समजावलं, "काकू, तुम्ही बाजूला व्हा, आम्ही बघतो ह्याला."

बाई दीप्तीच्या अंगावर पडल्या. दोराखाली बोट घालायला गेल्या, बोट शिरेना. दोर दाताने तुटणारा नव्हता. तो जाळ्याचा दोर, त्यांनीच पारखून आणलेला. पण जोड कुठे आहे ते फक्त त्यांना ठाऊक होतं. पट्टी! त्यांनी ती अंधारात सुई चाचपावी तशी चाचपली, कानामागे सापडली, आणि आयुष्यभर दोरा तोडला तसा त्यांनी टिपेला दात लावला.

एक टाका तुटला. दुसरा. त्यांच्या पाठीत कुणाची तरी लाथ बसली. तिसरा तुटेना. किती घट्ट शिवलं होतं ते! उलटी टीप, परत टीप. तोंडात रक्ताची चव आली. काहीतरी कडकन मोडलं, ते त्यांनी थुंकून टाकलं आणि बाजूच्या सुळ्याने चावा घेतला. गाठ सुटली. पट्टी टर्रकन फाटली.

दीप्तीने श्वास घेतला. गंजलेलं दार उघडावं तसा आवाज झाला. रुक्मिणीबाईंना तो कुठल्याही नांदीहून गोड वाटला.

मग लोक थांबले. चोर पडून होता, तिशीचा माणूस, एक डोळा बंद, शर्टाच्या चिंध्या. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पडदा पडल्यावर उठून चहा मागावा, तसं त्याने उठावं असं त्यांना वाटलं. तो उठला नाही. पोलिसांच्या गाडीत घालताना कण्हला, तेव्हा कुठे बाईंनी त्याच्यावरची नजर काढली.

एका तरुणाने धूळ झटकून पिशवी त्यांच्या हातात दिली. मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काकू, मोबाईल एकदम सेफ आहे. साधा ओरखडाही नाही!"

दीप्तीच्या गळ्याचं हाड नशिबाने शाबूत होतं, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले परत येईल, वेळ द्या. ती घरी आली ती गळ्याला हात लावूनच. जांभळा वळ या कानापासून त्या कानापर्यंत. गळ्यात काही सहन होईना. ओढणी नको, साडीचा पदर नको, मंगळसूत्रही तिनं काढून ठेवलं. सौरभशी ती पाटीवर लिहून बोलायची. सासूसाठी पाटी उचलायची नाही. बोलता येत नाही की बोलायचं नाही, हे बाईंना कळेना, आणि विचारायचा धीर होईना. इस्त्रीने माणूस भाजणारी बाई सुनेच्या खोलीच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि कप ठेवून परत यायची.

एका सकाळी मात्र त्यांनी मोठी कातर घेतली आणि घराबाहेर पडल्या. पहिलं दार दर्शनाचं.

"मोबाईलची पिशवी आण."

"का हो काकू? छान आहे की."

"आण म्हणते ना."

दर्शनाने गळ्यातलीच पुढे केली. बाईंनी तिचा खांदा धरला, कातर घातली आणि खचकन दोर कापला.

"अहो काकू! माझा काय गुन्हा?"

"दुसरी खंय हा?"

दुसरीही कापली. मग वरचा मजला, मग पलीकडची इमारत. एकीने दार लावून घेतलं, तर बाईंनी दारावर कातर आपटून तिला बाहेर काढलं. म्हातारीचं डोकं फिरलं असं वसाहत म्हणाली. संध्याकाळपर्यंत टोपलीभर तुकडे जमले. रात्रभर न झोपता बसायची त्यांना आता ताकद नव्हती, पण पुढचे आठ-पंधरा दिवस खिडकीशी त्या हातशिलाई करत होत्या. मशीन झाकलेलं. मऊ सुती नाडी आणि लांब लांब, सैल टाके. पुढचा दात नाही, त्यामुळे दोरा तोडताना त्या तोंड वाकडं करत. सौरभने दात बसवू म्हटलं. "राहू दे," त्या म्हणाल्या.

दीप्ती दारात उभी राहून बघत असे. एके दुपारी ती आत आली, त्यांच्या पुढ्यातली तयार पिशवी तिनं उचलली, आपला मोबाईल आत सारला, आणि डोळे मिटून नाडी गळ्यातून आडवी घातली. मग ती बोलली. आवाज फाटका, अर्धा वारा.

"ओढा, आई."

बाईंच्या हातातली सुई पडली. "नको गो."

"ओढा म्हणते ना."

त्यांनी दोन बोटांनी नाडी धरली आणि देवाचं फूल उचलावं तशी ओढली.

"असं नाही. त्यानं ओढलं तसं."

"माझ्याच्यान नाही व्हायचं, बाळा."

"मग मी ही कधीच घालणार नाही."

बाईंनी पदर खोचला. पिशवी मुठीत धरली. दीप्तीकडे बघवेना म्हणून भिंतीवरच्या जयवंतच्या फोटोकडे पाहिलं, आणि खाटकासारखा हिसका दिला.

टर्र!

नाडी सुटली. दीप्ती जागची हलली नाही. पण पिशवीचं बटण लावायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. मोबाईल उसळला, छताला लागतो की काय असा वर गेला आणि कोपऱ्यावर लादीवर आदळला. काचेचं जाळं झालं.

आतल्या खोलीतून सौरभ धावत आला. "काय फुटलं? काय झालं?"

बाई मोबाईलकडे बघतच नव्हत्या. त्या दीप्तीची हनुवटी वर करून तिची मान तपासत होत्या, या कानापासून त्या कानापर्यंत. जुना वळ फिका पडला होता आणि नवा उठला नव्हता. दीप्तीला हसू फुटत होतं, घसा दुखत होता तरी फुटत होतं. "बटणांचा डबा आणा, आई," ती म्हणाली. "विम्याचा कागद त्यातच आहे ना?"

"आई, अगं मोबाईल!" सौरभ ओरडला.

"फुटला रे!" रुक्मिणीबाई पुढचा दात नसलेलं तोंड भरून हसल्या. "झकास फुटला!"