राजीखुशीची बाटली

आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक फळी दिसते आणि फळीवर हिरव्या झाकणाच्या आठ बाटल्या ओळीनं उभ्या दिसतात. मावशी पहिल्यांदा आली तेव्हा घाबरून म्हणाली होती, "कोण आजारी हाय एवढं?" आजारी कोणी नाही. त्या भाताच्या टॉनिकच्या बाटल्या आहेत. प्रत्येकीवर टपोऱ्या लोंबीचं चित्र आहे आणि खाली 'भरघोस वाढीसाठी' असं छापलंय. आम्ही एकीचंही झाकण कधी उघडलेलं नाही.

घोटीच्या खताच्या दुकानात युरियाच्या दोन गोण्या घेतल्या की अशी एक बाटली मिळते. मिळते म्हणजे घ्यावी लागते. नको म्हटलं तर युरिया संपलेला असतो. याला लिंकिंग म्हणतात. बाबांना इंग्रजीतले दहा-बारा शब्द येतात, त्यातला हा एक. बाटलीची किंमत जवळजवळ गोणीएवढी, पण बिलावर फक्त युरिया. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी ती फवारून पाहिली. नंतर बांधावर उभं राहून त्यांचं भात कोणतं आणि आमचं कोणतं हे कोणालाच ओळखता आलं नाही. तेव्हापासून आमच्या बाटल्या फळीवर. आईनं मधल्या काळात दोन खाली घेतल्या. एक लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून, दुसरी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. वजनाला चांगल्या आहेत, असं तिचं मत आहे.

मी नाशिकला कॉलेजात आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे वाक्य अभिमानानं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा धाकच वाटतो. सुट्टीला घरी गेले की बाबा सगळे कागद माझ्यासमोर आणून ठेवतात. लाईटचं बिल, सोसायटीची नोटीस, एकदा तर एक लग्नपत्रिकासुद्धा. मी ते वाचायचं आणि सांगायचं, "यात काही काळजीचं नाही." मग बाबा कागद नीट घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतात. कधीकधी कागदातलं मला अर्धंच कळलेलं असतं. तरी मी तेच वाक्य म्हणते.

गेल्या वर्षी कॉलेजात निबंध स्पर्धा झाली. विषय होता 'ग्राहकाचे हक्क'. मी लिहिलं, "जागरूक ग्राहक नको असलेली वस्तू कधीही स्वीकारत नाही." दुसरा क्रमांक आला. बाबांनी प्रमाणपत्राला काच बसवून आणली आणि ते फळीच्या बरोबर वर टांगलं. मुद्दाम नाही, खिळा तिथेच होता.

त्याच पावसाळ्यात भाताची आवणी, म्हणजे लावणी, होऊन तीन आठवडे झाले होते, भात पिवळं पडत चाललं होतं आणि दोन दिवसांची उघडीप मिळाली होती. दुकानात युरिया आल्याचं बाबांना कळलं. युरिया घ्यायचा तर मशीनवर अंगठा लावावा लागतो. चिखलात आणि गवतात झिजलेला बाबांचा अंगठा मशीनला पटत नाही. मग मोबाईलवर एक नंबर येतो आणि तो मोबाईल माझ्याजवळ असतो. नंबर फोनवरून सांगितलेला दुकानात चालत नाही, मोबाईल समोर लागतो. शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून बाबांचा फोन आला, "ये बरं घोटीला. मशीन मला वळखत नाय." मी नाशिकच्या महामार्ग स्टँडवरून सकाळची एसटी धरली.

दुकानात रांग होती. मोबाईलवर नंबर आला, मी सांगितला, बिल निघालं. शेठनं गोण्यांची चिठ्ठी लिहिली आणि काउंटरवर बाटली ठेवली. मी म्हटलं, "ही नको."

आवाज इतका बारीक निघाला की शेठनं पुन्हा विचारलं, "काय म्हणताय ताई?"

"बाटली नको. फक्त युरिया द्या. अशी सक्ती करता येत नाही."

शेठ जराही चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला पुढची वाक्यं पाठ होती. ते उलट कौतुकानं म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. शिकलेलं माणूस असंच बोलणार. नका घेऊ बाटली." मग त्यांनी चिठ्ठी परत घेतली. "युरिया मात्र संपला, ताई."

त्यांच्या मागे छतापर्यंत गोण्या रचलेल्या होत्या. बोलताना त्यांचा एक हात त्यातल्याच एका गोणीवर होता.

"त्या काय आहेत मग?"

"त्या बुक आहेत."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ मास्तरीणबाई, घ्या ना बाटली! आम्हाला दुपारच्या आत घरी जायचंय." सगळे हसले. मला वाटलं होतं लोक शेठवर चिडतील. ते माझ्यावर चिडले होते, आणि तेही अगदी मनापासून.

बाबांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून बाटली उचलली. "पोर शिकतीय शेठ, चालायचंच," ते म्हणाले. मग शेठकडे बघून हसले. ते हसू मला अजून आठवतं. घरी जाताना ते मिळालेला युरिया कधी टाकायचा एवढंच बोलत होते. त्यांनी रागावायला हवं होतं.

मी तक्रार लिहिली. पान-सव्वा पानाला दोन दिवस लागले. पहिल्या कच्च्या प्रतीत 'अन्याय' हा शब्द पाच वेळा आला होता, शेवटच्या प्रतीत एकदाच राहिला. तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. तो शिक्का मला प्रमाणपत्रापेक्षा मोठा वाटला. बाबांना सांगितलं तेव्हा ते भाताकडे बघत एवढंच म्हणाले, "अजून एक हप्ता घ्यायचाय युरियाचा. शेठ देईल ना?"

त्यानंतरच्या दिवसांत मला एवढीच काळजी होती. आसपास दुसरं दुकान नव्हतं. भाताला दुसरा हप्ता वेळेवर मिळाला नाही तर दाणा भरत नाही, आणि मग वर्षभर आमच्या घरी जे काही कमी पडेल ते माझ्या सव्वा पानामुळे कमी पडेल.

दुसऱ्या हप्त्याला आम्ही गेलो तेव्हा दुकानात दोन नव्या गोष्टी होत्या. शेठच्या डोक्यावर एक पाटी होती, "येथे कोणत्याही खतासोबत दुसरी वस्तू घेण्याची सक्ती केली जात नाही." आणि काउंटरवर छापील अर्जांचा गठ्ठा होता.

"या ताई, या!" शेठ म्हणाले. "तुमच्यामुळे सगळं नियमात आलं बघा. कृषी कार्यालयाचे साहेब येऊन गेले, कागद बघायला परत येणार आहेत. आता ज्याला बाटली हवी त्यानं फक्त अर्ज भरायचा."

"आणि ज्याला नको?"

"त्याला सक्ती नाही," शेठ पाटीकडे बोट दाखवून म्हणाले. "आता युरिया कितपत पुरतोय ते बघू."

मी अर्ज हातात घेतला. "मी खाली सही करणार लिहून देतो की, सदर वस्तू मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, मागून घेत आहे." खाली नाव, गाव, सही किंवा अंगठा.

तेवढ्यात शेठनं माझ्यापुढे पेन धरलं. "ताई, एक काम कराल? लोकांना लिहिता येत नाही पटापट. तुमचं अक्षर चांगलं असणार. तेवढे चार-पाच भरून द्या, रांग सरकेल."

नाही म्हणायचं धैर्य मी मागच्याच वेळी वापरून संपवलं होतं. शिवाय मागे रांग होती, आणि त्यात मला मास्तरीणबाई म्हणणारा माणूसही होता. मी काउंटरच्या कडेला उभी राहिले आणि अर्ज भरले. नाव विचारायचं, गाव विचारायचं, बोटानं जागा दाखवायची. "इथं." तिघांनी सह्या केल्या. चौथी एक म्हातारी होती, पेठकडून लेकीच्या शेताचं खत न्यायला आलेली. तिनं अंगठा उमटवला आणि तो लुगड्याला पुसत म्हणाली, "लय ब्येस लिवतीस गं." मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

पाचवे बाबा. त्यांचं नाव, गाव मी न विचारता लिहिलं आणि म्हटलं, "इथं."

बाबांनी पेन घेतलं नाही. "वाच की," ते म्हणाले.

तोवर वाचून दाखवा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि मीही कोणाला वाचून दाखवलं नव्हतं. मी हळू आवाजात वाचलं.

"मागून?" बाबा म्हणाले.

"तसं छापलंय."

"मी कवा मागितली?"

रांगेत खसखस पिकली. शेठ म्हणाले, "मामा, ते नुसतं लिहायचं असतं. सही कागदाला लागते, तुम्हाला काय त्याचं?"

"बाटली दे ना शेठ, घेतो मी. दर साली घेतोच हाय. पर मागितली म्हणून सही नाय करणार."

मला भाताची पिवळी पानं आठवली आणि मी, ग्राहकाच्या हक्कांवर दुसरा क्रमांक मिळवणारी, बाबांच्या कानाशी लागून म्हणाले, "बाबा, करून टाका ना सही. युरिया नाही मिळणार."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मी एखादा कागद चुकीचा वाचून दाखवला आणि तो त्यांना आधीच कळला होता, असं काहीसं त्यांच्या नजरेत होतं. "तू लिव," ते म्हणाले, "की युरियासंगट दिली म्हणून घेतली. त्याच्यावर करतो सही. लगेच करतो."

पेन माझ्याच हातात होतं. मी 'राजीखुशीने' खोडलं, 'कोणत्याही दबावाशिवाय' खोडलं, 'मागून' खोडलं आणि वर लिहिलं, "युरियासोबत दिली म्हणून." बाबांनी खाली सावकाश सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो. शेठ तोवर उलट्या बाजूनं वाचत होते.

"हा कागद मी फाईलला कसा लावू, मामा?"

"खरं हाय ते. लाव."

शेठनं कागदाची घडी केली, तो गल्ल्यात टाकला आणि बाटली काउंटरवरून खाली ठेवली. कागदाशिवाय बाटली देता येत नव्हती, आणि हा कागद साहेबांना दाखवण्यासारखा नव्हता. बाबा 'नको' म्हणाले नव्हते, म्हणून युरिया संपला असंही म्हणता येत नव्हतं. "दोन गोण्या," ते आतल्या हमालाला म्हणाले, आमच्याकडे न बघता. बाटलीशिवाय युरिया मिळाला, असं अर्ज छापण्याआधी कधी घडलं नव्हतं.

बाहेर आलो तर म्हातारी एसटीच्या थांब्यावर बसली होती, गोण्यांना टेकून, मांडीवर बाटली. दुकानातला आवाज तिथपर्यंत गेला होता.

"तुमाला नाय दिली?" तिनं विचारलं.

"नाही, आजी."

"आन् माज्या कागदावर काय होतं?"

मी सांगितलं. तिनं बाटली फिरवून लोंबीचं चित्र पाहिलं. "मला वाटलं, पोर शिकलेली हाय, चांगलंच लिवत असंल," ती म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी तिला म्हटलं, ती बाटली मला द्या, आणि बाटलीचे पैसे तिच्या हातात ठेवले. ती जरा संकोचली, मग घेतले. "तू काय करशील हिचं?" "फळीवर ठेवीन." "बरं," ती म्हणाली, जणू तिच्या गावातही फळ्या होत्या. फळीवरच्या आठ बाटल्यांपैकी मागून घेतलेली ही एकच.

आईला दारातच बाटली दिसली. "बरं झालं आणली," ती म्हणाली, "मला खिडकीच्या पत्र्यावर ठेवायला एक हवीच होती." पण मी ती फळीवरच ठेवली.

भात हिरवंगार झालं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा बाबांनी नेहमीप्रमाणे कागद आणून ठेवले. त्यात कृषी कार्यालयाचं पत्र होतं, माझ्या तक्रारीचं उत्तर. सदर दुकानात चौकशी केली असता कोणतीही सक्ती आढळून आली नाही. शेतकरी सदर वस्तू स्वतः मागणी करून घेत असल्याचे त्यांचे लेखी अर्ज पाहण्यात आले. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. त्या लेखी अर्जांपैकी चार तरी माझ्या अक्षरात असणार. सुवाच्य, प्रत्येक वेलांटी जागेवर.

"काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं. "काही काळजीचं हाय का?"

पेटी त्यांनी उघडूनच ठेवली होती, पत्र आत ठेवायला.

"आहे," मी म्हटलं. आणि म्हातारीचं, बाकी तिघांचं, अर्जांचं सगळं सांगितलं. मग त्यांनी पेटी बंद केली, माझ्या पिशवीतून वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि शेजारी बसले.

"मग लिव परत," ते म्हणाले. "पर या बारीला पाठवायच्या आधी वाचून दाखव."