अंगातलं लोखंड

आमच्याकडे लेकरू फिकट दिसलं की निदान एकच: रक्त कमी. माझी लेक सात-आठ महिन्यांची असताना पांढरी पडायला लागली, दूध पिता पिता दमायची. औंढ्यातल्या डॉक्टरांनीही रक्त कमी म्हणून लोहाचं औषध लिहून दिलं आणि मी कामाला लागले. एकदा काम अंगावर घेतलं की मी ते सोडत नाही, हा माझा जुना अवगुण. बाटली संपायच्या आत दुसरी हजर. ती औषध थुंकायची, तर मी तिचे गाल दाबून चमचा आत घालायचे. शेजारीण म्हणायची, "लेकराचं करावं तर हिनंच." मला ते ऐकायला आवडायचं.

दीड वर्षाची झाली तरी तिला रंग आला नाही, पोट मात्र डाव्या बाजूनं फुगलं. मग नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिघांचंही रक्त तपासायला पाठवलं आणि काही दिवसांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. आजाराचं नाव थॅलेसेमिया. लोह कमी नाही, म्हणाल्या, तांबड्या पेशीच धड तयार होत नाहीत. आयुष्यभर रक्त चढवावं लागेल, त्या रक्तातलं लोह अंगात साचत जाईल, आणि ते काढायला पुढे रोज गोळी द्यावी लागेल. मग विचारलं, "लग्न नात्यातलं का?" मी यांच्या मामाची मुलगी. दोघांच्याही रक्तात अर्धी अर्धी खोट होती आणि आम्ही दोघं ठणठणीत. मी भीत भीत विचारलं, "मग मी पाजलं ते औषध?" त्या म्हणाल्या, "त्यानं फार बिघडलं नाही. आता बंद करा." माझ्या डोक्यात तो 'फार' अडकून बसला.

दर तीन आठवड्यांनी नांदेडची वारी सुरू झाली. रक्त चढलं की ती गल्लीभर पळायची, तिसऱ्या आठवड्यात ओट्यावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायची. लोह काढायची गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्यात विरघळवून द्यायची. तिला त्याची शिसारी होती. "आई, आज न्हाई. मळमळून राहिलं." तिनं ओठ घट्ट मिटले की मला ते दाबलेले गाल आठवायचे आणि हात पुढे जायचा नाही. "राहू दे माय, उद्या घे," म्हणून मी ग्लास मोरीत ओतायचे. हे विचारायचे, "दिलं का?" मी म्हणायचे, "दिलं." नको तिथं बळजबरी केली होती, आणि जिथं करायलाच हवी होती तिथं मला माया सुचली. या मायेचा मला आज राग येतो.

अकराव्या वर्षी ती चार पायऱ्या चढली तरी धापा टाकू लागली. नांदेडला भरती केलं. लोह हृदयात साचलं होतं. हे खाली औषधं आणायला गेले होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "गोळी रोज देता ना?" मी लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागले. पलंगावरून लेकच म्हणाली, "व्हय, आई रोज देती. एक दिवस चुकवत न्हाई."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. खरं सांगितलं असतं तर त्यांना कदाचित काही वेगळं करता आलं असतं. मी होकारार्थी मान हलवली.

दिवाळीच्या आत ती गेली. यांना अजून वाटतं, तिला औषधच लागू पडलं नाही.