गच्चीवरचं पाणी

घाटकोपरच्या आमच्या चार मजली इमारतीत माझं घर सर्वांत वर. गच्चीचा उतार पहिल्यापासून चुकलेला, त्यामुळे पाऊस लागला की वर तळं साचायचं आणि आमचं छत गळायचं. म्हणून जोराची सर आली की मी खराटा घेऊन गच्चीवर. सगळं पाणी पाइपाच्या तोंडाशी लोटायचं, ते खळखळत खाली गेलं की जिवाला बरं वाटायचं. बाकीचे घरात बसून भजी खातात आणि मी एकटी राबते, हेही मी येताजाता ऐकवायचे.

तळमजल्यावर मालवणकडच्या मावशी एकट्या राहायच्या. तो पाइप त्यांच्या मागच्या दाराशी सुटायचा. तिथलं गटार भरून वाहायचं आणि दर पावसाळ्यात त्यांच्या घरात घोटाभर पाणी. गेल्या वर्षी त्या घर विकून भाच्याकडे जायचं बोलू लागल्या. मला फार वाईट वाटलं. दोष मी गटाराला दिला.

तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून इंजिनियर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिने सुचवलं, की स्लॅबला वजन झेपतं का ते तपासू, गच्ची नव्याने वॉटरप्रूफ करू आणि वर मातीचा पातळ थर घालून झाडं लावू. माती पाणी धरेल आणि हळूहळू सोडेल. माझ्या छतावर मुद्दाम पाणी धरायचं, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी वर थेंब टिकू दिला नाही, असं ठणकावलं. ती शांतपणे म्हणाली, तेच पाणी एकदम खाली जातं, गटाराला झेपत नाही आणि मावशींच्या घरात शिरतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मावशी तेवढ्या खाली मान घालून बसल्या होत्या. त्यानंतर मी विरोध केला नाही. उन्हाळ्यात गच्चीचं काम झालं.

यंदा जुलैत दोन दिवस पाऊस हटेना. मी सवयीने वर गेले, तर माती भिजलेली आणि लोटायला काहीच नाही. छतही कोरडं. तशीच खाली उतरले. मागच्या दाराशी पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. मावशी कोरड्या लादीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे होत होतं ते. मला खरंच कळलं नाही."

"मला ठाऊक होतं गं," त्या म्हणाल्या. "पाइप धडाडला की समजायचं, तू वर गेलीस. मग मी तांदळाचा डबा माळ्यावर ठेवायचे."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुझं घर गळत होतं ना."