बाईंचा खरा राजीनामा

बाईंना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. खरं नाव विचारलं तर सुनेलासुद्धा क्षणभर आठवावं लागे. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. कुणाचा तरी आवाज कुणाला तरी जोडून द्यायचा, एवढंच काम. "थांबा हं, जोडून देते" हे वाक्य त्या झोपेतही म्हणतात, असं त्यांचे मिस्टर हयात असताना सांगायचे. त्यामुळे वस्तीमागच्या बोडक्या टेकडीवर झाडं लावायचं मंडळ निघालं आणि चिटणीस कोण असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांची बोटं एकदम बाईंकडे वळली. बोटं वळवायला मंडळी कायम हजर असत.

पहिल्या दिवशी रोपं लावायला जत्रा लोटली. ज्यांनी जन्मात कुंडी हलवली नव्हती, त्यांनीही हातात कुदळ धरून फोटो काढून घेतले. नंतर उन्हाळा आला. नगरपालिकेनं टेकडीच्या माथ्यावर एक टाकी आणि नळ दिला होता. नळाच्या पेटीला कुलूप होतं आणि त्याची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. तिथून बादल्या भरायच्या आणि उतारावरच्या रोपांना घालायच्या. पण रोप लावताना फोटो निघतो, पाणी घालताना निघत नाही. रविवारी टेकडीवर बाई, त्यांच्या दोन बादल्या आणि एक भटकं कुत्रं, एवढेच सभासद हजर असत.

बाई हार मानणाऱ्या नव्हत्या. दर शनिवारी त्या एकेकाला फोन लावत. मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणायचे, "बाई, मी मनानं तिथंच असतो हो."

"मनानं बादली उचलली जात नाही, वकीलसाहेब."

प्रोफेसरांचे गुडघे फक्त रविवारीच दुखत. कुणाकडे पाहुणे येत, कुणी स्वतःच पाहुणा म्हणून जाई. एकट्या सलूनवाल्याचं कारण तेवढं खरं होतं. "बाई, रविवारी अख्ख्या जगाचे केस वाढतात. दुकान सोडून कसा येऊ?" तो निदान फोन तरी उचलायचा. बाकीच्यांना तर पडद्यावर बाईंचा नंबर दिसला की आंघोळीला जायची आठवण व्हायची.

मग बाईंनी उपाय केले. टेकडीवर चहा-बिस्किटं ठेवली. मंडळी आली, चहा प्यायली, बिस्किटं मऊ पडल्याची तक्रार केली आणि उतरली. मग त्यांना वाटलं, माणसाला मान दिला की तो काम करतो. म्हणून प्रत्येकाला एकेक पद दिलं. पाच उपाध्यक्ष, चार सल्लागार, दोन समन्वयक. शेवटी मंडळात साधा सभासद औषधालाही उरला नाही. आणि पाणी घालणं हे तर साध्या सभासदांचं काम, यावर सगळ्या पदाधिकाऱ्यांचं एकमत झालं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. इथं तर रोपांवरसुद्धा पडत नव्हतं.

एका शनिवारी बाईंची पाठ भरून आली होती. त्यांनी वकीलसाहेबांना फोन लावला आणि नेहमीची विनवणी करायच्या ऐवजी ताडकन म्हणाल्या, "उद्या येऊ नका. मी राजीनामा देतेय. मंडळ बंद. सोमवारी किल्ली नगरपालिकेला परत करते. तुमच्यापैकी कुणाच्यानं काही होणार नाही."

वकीलसाहेबांनी ही बातमी रातोरात सगळ्यांना कळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर पोचल्या, तर टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वकीलसाहेब लालबुंद झाले होते. "मंडळ बंद करायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?" प्रोफेसर दुखऱ्या गुडघ्यांनिशी सगळ्यांत वरच्या दगडावर चढून ओरडत होते. आपल्याच्यानं होणार नाही असं बाई म्हणतात म्हणजे काय! भांडता भांडता कुणीतरी रागानं बादली उचलली. मग दुसऱ्यानं उचलली. ऊन चढेपर्यंत एकूण एक रोप भिजलं होतं आणि बाईंची बिनपाण्यानं हजामत झाली होती. घरी जाताना बाई गालातल्या गालात हसत होत्या. इतके दिवस त्या या माणसांना चुकीच्या लाइनवर जोडत होत्या.

तेव्हापासून त्यांनी विनवणी सोडली. रोपं सुकायला लागली की बाई राजीनामा देत. कधी किल्ली परत करायला निघत, कधी टाकी भंगारात काढायच्या गोष्टी करत. एकदा तर "शेजारच्या वस्तीतली माणसं तुमच्यापेक्षा बरी, त्यांनाच टेकडी देऊन टाकते" असं म्हणाल्या. त्या रविवारी माणसं घरच्या बादल्या घेऊन आली होती. आपल्याला खेळवलं जातंय हे पुढे पुढे मंडळींनाही कळू लागलं, पण बाईंचा डाव हाणून पाडायची मजा कुणी सोडेना. झाडं माणसांच्या कमरेला लागली.

आणि मग डॉक्टरांनी बाईंच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयाची झडप नीट मिटत नाही, म्हणाले. चढ बंद, बादल्या बंद. उन्हाळा तर तोंडावर आलेला. या वर्षी पाणी मिळालं तर झाडं स्वतःच्या मुळांवर उभी राहतील, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाईल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. किल्ली कुणाच्या तरी हाती द्यायलाच हवी होती.

"आई, फोनवर सांगा ना," सून म्हणाली. "वर कशाला जाताय?"

"फोनवर सांगून माझं आजवर कुणी ऐकलंय?"

त्यांनी सगळ्यांना रविवारी बोलावलं आणि सुनेला टेकडीखाली थांबवून, दहा ठिकाणी बसत बसत त्या वर पोचल्या. सगळी मंडळी आधीच आली होती, रिकाम्या बादल्या नळाशी रांगेत लागल्याही होत्या. बाईंनी दम खात सांगितलं, "मी राजीनामा देतेय. या वेळी खरा. माझी झडप बिघडलीय. डॉक्टरांनी चढायला बंदी केलीय."

 मग वकीलसाहेब खो खो हसले. "झडप! वा बाई! टाकी झाली, किल्ली झाली, आता झडप! लांडगा आला रे आला!"

सगळे हसले. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथं ठराव मांडला की बाईंचा राजीनामा एकमतानं फेटाळण्यात येत आहे. टाळ्या पडल्या. सगळे सभासद हजर, सगळ्यांचे हात वर, एक आवाज. अशी सभा व्हावी म्हणून बाईंनी किती शनिवार घसा सुकवला होता! आज ती झाली, आणि त्यांचं एकमेव खरं वाक्य तिनं फेटाळलं. बाईंना फार वाईट वाटलं. बोलण्याइतका श्वासही उरला नव्हता, म्हणून त्या वळल्या आणि उतरू लागल्या. रुसवा आहे, येतील परत, असं समजून लगेच कुणी मागे आलं नाही.

अर्ध्या उतारावर त्या दगडावर टेकल्या. मागून सलूनवाला आला. गिऱ्हाईक सगळं टेकडीवर, म्हणून आज त्यानं दुकान बंद ठेवलं होतं. बाईंचे निळसर पडलेले ओठ त्यानं नीट पाहिले. रोज माणसांचे चेहरे हातात धरणारा माणूस तो.

"खरंय ना?" त्यानं विचारलं.

"खरंय रे बाबा."

तो शेजारी बसला. "किल्ली माझ्याकडे द्या. रविवारी दुकान दुपारी उघडीन."

बाईंनी पर्समधून किल्ली काढून दिली. "मग तेवढं वर जाऊन सांग त्यांना, की मी खोटं बोलत नव्हते."

"अजिबात सांगणार नाही."

"का?"

"खरं कळलं तर हळहळतील. तुमच्या घरी फळं घेऊन येतील, वकीलसाहेब भाषण करतील. आणि पुढच्या रविवारी माझ्या दुकानासमोर रांग लावतील. बाई, या माणसांना दया आली की ती बसतात, राग आला की उठतात. राजीनामा खोटाच राहू द्या."

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "म्हणजे मी आजारीसुद्धा पडायचं नाही?"

"पडा की. घरातल्या घरात पडा."

तो उठला आणि वर जाता जाताच ओरडला, "बाई चिडून गेल्या! पाऊस येईपर्यंत तुम्ही टिकणार नाही म्हणतात! पैज लावलीय!"

माथ्यावर एकच गलका उठला. "टिकणार नाही? आम्ही?" हा वकीलसाहेबांचा आवाज. पाठोपाठ बादल्यांचा खणखणाट ऐकू आला. बाई थोडा वेळ ऐकत बसल्या, मग सावकाश उठून खाली आल्या.

सून वाट बघत उभी होती. "सांगितलंत सगळ्यांना? काय म्हणाले?"

"कुणाचा विश्वासच बसला नाही," बाई म्हणाल्या. "नशीब माझं." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात धरून त्या घराकडे चालू लागल्या.