मधुसूदनजींचे हात

झाशीजवळच्या एका वीजघरात अलकनंदा दिघे ऑपरेटरांना शिकवत. शिकवायचं काय, तर यंत्रणा आपोआप बॉयलर चालवत असते तेव्हा तिच्या मनात काय चाललेलं असतं ते. नागपूरहून बदलून आल्यापासून सहा वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की हेरली होती. साहेबांची पाठ वळली, की इथला ऑपरेटर ऑटो बंद करून बॉयलर स्वतःच्या हातात घेई, आणि मग बढती मिळाल्यासारखा ताठ बसे.

या पंथाचे महंत म्हणजे मधुसूदन बिवलकर. घराणं इतकं जुनं झाशीकर, की मराठीत चहा मागितला तरी त्यात निम्मे शब्द हिंदीचे पडत. एकतीस वर्षं नोकरी, बॉयलरच्या नुसत्या आवाजावरून त्याची तब्येत सांगत. आणि आता मुख्यालयाचं फर्मान आलं होतं: गुरुवारी संगणकावरच्या नकली बॉयलरवर परीक्षा. नापास होईल त्याने कंट्रोल रूमची खुर्ची सोडून स्टोअरमध्ये जायचं. मधुसूदनजींच्या निवृत्तीला दहा महिने उरले होते.

"ताई, शेवटचे दहा महिने मी नटबोल्टांच्या संगतीत काढू?"

"ऑटोला हात लावला नाहीत तर नाही काढावे लागणार," अलकनंदा म्हणाल्या.

नकली बॉयलरवर सराव सुरू झाला. विजेची मागणी वाढली, वाफ भराभर खेचली जाऊ लागली, आणि बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी पडद्यावर वर चढली. मधुसूदनजींनी तत्काळ ऑटो काढून आत येणारं पाणी तोडलं. चार मिनिटांत ड्रम कोरडा, बॉयलर बंद. हे सातव्यांदा.

"पानी चढ़ रहा था, ताई. मी काय बघत बसू?"

"घरी दूध कोण तापवतं?"

"मीच. शकुंतला पूजेत असते."

"दूध वर येतं तेव्हा पातेल्यात दूध वाढलेलं असतं?"

"वाढेल कुठून? फुगतं ते."

"इथेही तेच. वाफ एकदम खेचली की दाब पडतो, पाण्यात बुडबुडे फुगतात. यंत्रणा पातळी बघतेच, पण वाफ किती बाहेर गेली तेही बघते. म्हणून ती पाणी वाढवते. तुम्ही बुडबुड्यांना भिऊन तोडता."

मधुसूदनजींनी पडद्यावरच्या पातळीवर बोट ठेवलं. "म्हणजे एकतीस वर्षं मी बुडबुड्यांशी भांडलो?"

"अधूनमधून जिंकलातही."

डोक्याला पटलं, हातांना पटेना. ते बटणाकडे असे धावत, जशी लग्नात माणसं जिलबीकडे. शेवटी अलकनंदांनी सदर बाजारातून दोन किलो मटार आणले. "हात शेंगांत ठेवा, आणि यंत्रणा काय करतेय, का करतेय, ते मोठ्याने बोला."

"मधुसूदनजी, कचोरी कब खिला रहे हो?" शेजारच्या टेबलावरून अंबिका म्हणाली. ती त्यांच्याच शिफ्टची ऑपरेटर.

"तू पास हो पहले," मधुसूदनजी शेंग फोडत म्हणाले. "ही पातळी फुगली. ही वाफ वाढली. आता ती पाणी वाढवील. बघ, वाढवलं. शहाणी आहे हो ही." त्या दिवशी बॉयलर बंद पडला नाही, आणि सगळ्या शिफ्टला मटार मिळाले.

गुरुवारी परीक्षक आले, मंदार नावाचे, मधुसूदनजींच्या मुलाच्या वयाचे. मटारांना परवानगी नव्हती. अलकनंदा काचेमागे उभ्या राहिल्या. मागणी वाढली, पातळी फुगली. मधुसूदनजींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. उजवा एकदा निसटला, त्यांनी तो परत आत घातला. पातळी हळूहळू जागेवर आली.

पण मंदारांनी गुपचूप एक बिघाडही घातला होता. पातळीची रेघ आता अगदी सरळ चालू लागली. कुणालाही वाटावं, सगळं उत्तम आहे.

मधुसूदनजी पुढे झुकले. "साहेब, पाणी इतकं सोज्वळ कधीच नसतं. वाफ हलतेय, ही रेघ जागची ढळत नाही. मोजणारं यंत्र अडकलंय." त्यांनी दुसऱ्या मापकावर पातळी पडताळली. ती खाली चालली होती. मग मांडीखालून हात काढले, ऑटो काढला आणि पाणी बेताबेताने वाढवलं. काचेमागे अलकनंदांच्या तोंडून "शाब्बास" निघून गेलं.

"बिवलकरजी, खुर्ची आपकी," मंदार म्हणाले आणि अडकलेला मापक मोकळा केला.

रेघ पुन्हा जिवंत माणसासारखी हलू लागली. मधुसूदनजींनी ती मिनिटभर निरखली, आणि मग कुणी सांगितलेलं नसताना बॉयलर परत ऑटोवर टाकला.

"सांभाळ," ते पडद्याला म्हणाले. "मी इथेच बसलोय."