खुर्चीवरचा सुताचा हार

"काढा म्हनलं ना तो हार. कोनं घातला? हात सडले का कोनाचे? काढा आधी."

मावशी ओरडत होती. पाटवडीच्या बेसनानं भरलेले दोन्ही हात हवेत धरून ती मांडवात उभी होती, आणि आवाज असा की तिकडे घाटंजीच्या बाजारात बैलांनी माना वर केल्या असतील. समोर चार रिकाम्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर एक फोटो, फोटोला सुताचा पांढरा हार, पुढे उदबत्ती. आणि त्यांच्यासमोर सतरंजीवर शेजारच्या गावच्या बायका डोक्यावर पदर घेऊन गप्प बसलेल्या. एकीनं तर पदर डोळ्यांना लावला होता.

ज्यांचे फोटो होते त्यांच्यातलं कोणीही मेलं नव्हतं. त्यांना फक्त व्हिसा मिळाला नव्हता.

कापसाचा भाव पार झोपला होता, अशी ती सालं. कापूस विकण्यापेक्षा त्याच्यावर लोळणं परवडतं, म्हणून घराघरात कापूस छतापर्यंत भरलेला. माणसं रात्रभर खाजवत आणि सकाळी पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर पडत. अशात आमच्या गुरुजींनी कापूसवाल्यांची परिषद काढली. निवृत्त मास्तर, रिकामं बसवत नव्हतं. पैसा नाही, पगारी माणूस नाही. संस्था म्हणजे एक सतरंजी, एक खरखरणारा माइक आणि आम्ही फुकट राबणारी मंडळी. तरी गुरुजींनी आमंत्रणं धाडली थेट आफ्रिकेला. तिथंही कापूस पिकतो, तिथंही भाव पडतो, मग बोलू या की एकमेकांशी. चार जण यायला तयार झाले.

तिथून सगळं अडलं. परिषदेचा व्हिसा पाहिजे तर दिल्लीची परवानगी आणा. परवानगी पाहिजे तर संस्था कुठली ते सांगा. पाहुणे उतरणार त्या हॉटेलचा पत्ता द्या. आमच्या गावात हॉटेल एकच, तिथं भजी मिळतात आणि मुक्काम फक्त कुत्री करतात. शेवटी गुरुजींनी लिहून दिलं: मावशीचं घर, शाळेमागे, निंबाजवळ.

मग चौकशीला शिपाई आला. एकदा आला, पुन्हा आला, पुन्हा आला. "विदेशी मानूस कुठी आहे?" मावशी म्हणायची, "अजून यायचा आहे, बाप्पा." तो धान्याच्या ढोलीत वाकून पाही, कापसाच्या ढिगात काठी खुपसून पाही, चहा पिऊन जाई. मला त्याचं काही वाटलं नाही, पण नंतर एक गोष्ट मनात बसली. माणूस गावात आला नव्हता, तरी शिपाई त्याच्या खाटेवर बसून गेला होता, गावची पोरं त्याला कुठला रस्सा सोसेल यावर भांडून गेली होती. न आलेलं माणूस घरात वावरायला लागलं होतं.

त्या चौघांतली एक बाई मावशीकडे उतरणार होती. गुरुजींनी एकदा माझ्या मोबाइलवरून तिला फोन लावला आणि मावशीनं तो हातातून ओढून घेतला. "जेवली का वं?" तिकडून तिच्या फ्रेंचमध्ये काहीतरी आलं. इकडून वऱ्हाडीत उत्तर गेलं. कोणाला कोणाचं अक्षर कळत नव्हतं आणि बोलणं संपत नव्हतं. ठेवल्यावर मावशी म्हणाली, "तिच्याकडं बी भाव पडला म्हन्ते. घरात एकटीच आहे, माह्यासारखी."

"तुले कसं कळलं?" मी विचारलं.

"आवाजावरून कळते न."

मग दर आठवड्याला फोन. मावशीनं आतली खोली रिकामी केली, कापूस स्वयंपाकघरात ढकलला, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या. त्या घरात तिचा नवरा, आमचे काका, गेल्यावर कोणी मुक्कामाला आलं नव्हतं. काकांचा फोटो ओसरीत होता, हार घातलेला. त्या सालांत आमच्याकडे गल्लीगल्लीत असा एखादा नवा फोटो लागला होता, आणि खालून जाताना कोणी काही विचारत नसे.

परिषदेच्या आदल्या दिवसापर्यंत तिघांचे नकार आले. चौथीचं काहीच आलं नाही. ती व्हिसासाठी शेजारच्या देशात गेली होती, कारण तिच्या देशात आपली व्हिसाची कचेरीच नव्हती, आणि तिथून ना हो, ना नाही. संध्याकाळी गुरुजींनी ठरवलं की पाहुणे नाहीत तर नाहीत, त्यांच्या खुर्च्या मांडू आणि वर फोटो ठेवू, म्हणजे दिसेल जगाला. आमच्या भागात पाहुण्याला फुलं नाही, सुताचा हार घालतात. बायांनी सूत कातून हार आधीच करून ठेवलेले. फोटो वाऱ्यानं उडत होते. कोणीतरी म्हणालं, "हार वाया कायले घालवता? फोटोलेच घाला, दबून राह्यतीन."

उदबत्ती डासांसाठी होती. आमच्याकडचा डास असा, की बैलाच्या पाठीवर बसला तर बैल वळून विचारतो, कोण आलं? पण हार, फोटो, उदबत्ती एका ठिकाणी आल्यावर काय दिसतं, ते आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. शेजारच्या गावच्या बायकांना दिसलं. त्या आल्या, चपला काढल्या, नमस्कार केला आणि बसल्या. मांडवातला गलका आपोआप थांबला.

तेवढ्यात मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तिचा तं अजून नकार बी नाही आला," ती गुरुजींवर ओरडली. "काहून घातला तिच्या गळ्यात?"

तिघांचे हार निघाले. चौथा निघेना. सूत खुर्चीच्या हाताला अडकून पीळ बसला होता, ओढावं तसा आवळत होता. मावशीनं खुर्चीवर वाकून ते दातानं तोडलं. सूत तुटलं, पण तिच्या बोटांचं बेसन फोटोला लागलं. गळ्याभोवती पिवळे ठसे.

मी लगेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. नंतर तर वाजायचाही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी परिषद झाली. भाषणं झाली, घोषणा झाल्या, मीही खणखणीत बोललो. पण मांडव गच्च भरलेला असताना त्या चार खुर्च्यांवर कोणी बसेना. उभे राहिले, पण बसले नाहीत. वारा पडला होता आणि चौथी खुर्ची मधूनच करकर करी. ऊन लागलं की प्लास्टिक वाजतं, हे मला ठाऊक आहे. मी सगळ्यांना तेच सांगत होतो. मावशी माझा मोबाइल ओटीत घेऊन खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. दिवसभर जेवली नाही.

सतरंज्या गुंडाळताना फोन वाजला. नागपूरहून आलेल्या एक मॅडम फ्रेंच शिकवायच्या, त्यांनी ऐकून सांगितलं. बाई जिवंत होती. कचेरीच्या दारात मोबाइल जमा करावा लागला होता, मग तो बंद पडला. काल भर दुपारी ती तिथं रांगेत उभी होती. एकदम गळा आवळल्यासारखा झाला आणि खाली पडली. लोकांनी पाणी मारलं. थोड्या वेळानं, काही तुटावं तसा गळा मोकळा झाला. खिडकीतल्या साहेबानं घाबरून तिचं काम पहिलं केलं. व्हिसा मिळाला.

मी मनातल्या मनात हिशेब केला. हार घातला ती आमची दिवेलागण म्हणजे त्यांची भर दुपार.

डास मी वाढवून सांगितला, बैलही वाढवले. हे वाढवलेलं नाही. मॅडम हयात आहेत, विचारा.

मलाच राहवलं नाही. "पाह्य मावशी," मी म्हणालो, "हारानंच व्हिसा भेटला. बाकीच्या तिघायले पुन्हा घालू का?"

कोणी हसलं नाही. मावशीनं तर ऐकलंच नाही. तिनं सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं.

मॅडमनी फोनवर हात ठेवला. "ती विचारते आहे, परिषद तर संपली, तरी येऊ का? आणि येताना काय आणू?"

मावशीनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"ये म्हना. आनू काहीच नको. फक्त गळ्यात काही घालून येऊ नको."