फाटकावरचा कोल्हा आणि नानांचा खटला

मित्रांनो, आज सकाळी जळगावात आमच्या कॉलनीच्या फाटकाशी चक्क कोल्हा दिसला. मी लगेच फोटो काढला.

नव्वदच्या दशकात इथेच एका शेजाऱ्याच्या शेळ्या रात्री कुणीतरी मारल्या. माझा जिच्यावर जीव होता, त्या शोभाच्या मोती कुत्र्यावर आळ आला आणि खटला तिच्या वडिलांवर, नानांवर.

कोर्टात तज्ज्ञ म्हणाले, "वस्तीत कोल्हे येतच नाहीत."

"साहेब, तुम्ही कोल्हा पाहिलाय?" नानांच्या वकिलांनी विचारलं.

"पुस्तकात."

नाना अहिराणीत कळवळले, "कोल्हाच शे, साहेब!"

मी मागून ओरडलो, "आमच्या केळीच्या बागेत या, कोल्हा दाखवतो!" शिपायाने मला बाहेर काढलं. शोभापायी कॉलेज आधीच सोडलं होतं, आता कोर्टही सुटलं.

नाना हरले. मोतीला दूर सोडावं लागलं. शोभाचं सगळं घरच धुळ्याला राहायला गेलं.

धुळेकरांनो, शोभा भेटली तर हा फोटो दाखवाल? नाना खरं बोलत होते.